वीस वर्षं पिंपात

सुरुवातीलाच सांगून टाकतो. आजचा विषय दारूचा आहे, पण पिण्याचा प्रचार वगैरे नाही. ज्यांना घ्यायची नाही त्यांनी अजिबात घेऊ नये. पण वाचायला हरकत नाही, कारण यात झिंग कमी आणि हिशेब जास्त आहे. ज्यांना घ्यायची आहे त्यांनी पंचवीस पूर्ण करून, रीतसर परमिट काढून, बेताने घ्यावी. आलं ना सगळं? तर आता मुद्द्यावर.

निमित्त झालं मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या वादाचं. आमच्यातला एक जण न्यू जर्सीत असतो. त्याला कुणीतरी 'पॅपी व्हॅन विंकल' नावाच्या बर्बनची वीस वर्षं मुरलेली बाटली देऊ केली. कंपनीने ठरवलेली किंमत काहीशे डॉलर, आणि या गृहस्थाची मागणी काही हजार डॉलर. लगेच ग्रुपवर काँट्री काढायचं ठरलं. "पिण्यासाठी नाही रे, इन्व्हेस्टमेंट आहे. दोन वर्षांनी दुप्पट!" असं एकाने लिहिलं आणि त्याला धडाधड अंगठे मिळाले. माझं मत विचारलं गेलं तेव्हा मी "घेऊ नका" असं लिहिलं. "तुला काय कळतं?" असं उत्तर आलं. म्हणून हे सविस्तर उत्तर.

माझा दावा असा आहे की ही बाटली महाग आहे ती आतल्या द्रव्यामुळे कमी आणि एका जुन्या, फसलेल्या व्यवहाराच्या उरलेल्या मालामुळे जास्त. आणि त्या मालामागची गोष्ट बाटलीपेक्षा मोलाची आहे. ती गोष्ट फुकट मिळते.

आधी बर्बन म्हणजे काय ते बघू. स्कॉच जशी स्कॉटलंडची, तशी बर्बन अमेरिकेची. १९६४ साली अमेरिकन काँग्रेसने ठराव करून तिला अमेरिकेचं खास उत्पादन असा दर्जा दिला. नियम मोजके आणि कडक. धान्यात किमान ५१ टक्के मका पाहिजे. ओकच्या नव्याकोऱ्या, आतून जाळलेल्या पिंपातच मुरवली पाहिजे. डिस्टिल करताना अल्कोहोल ८० टक्क्यांच्या वर नको, पिंपात भरताना ६२.५ टक्क्यांच्या वर नको, बाटलीत ४० टक्क्यांच्या खाली नको. रंग, साखर, इसेन्स काहीही वरून घालायचं नाही. पाणी तेवढं चालतं. आपल्या प्रोजेक्टचं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट इतकं स्वच्छ लिहिलेलं असतं तर अर्धे रविवार घरी गेले असते :)

आता ५१ टक्के मका झाला, उरलेल्या जागेत काय घालायचं? बहुतेक डिस्टिलऱ्या मका साधारण सत्तरच्या आसपास नेतात. त्यात थोडं मोड आणून वाळवलेलं सातू घालतात, कारण मोड आलेल्या दाण्यातली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. साखर झाल्याशिवाय यीस्टला खायला काही नाही. तिसरं धान्य म्हणून राय घालतात. राय चवीला तिखटसर, मिरीच्या जवळ जाणारं. पण मोजक्या डिस्टिलऱ्या राय काढून त्या जागी गहू घालतात. हीच ती गव्हाची बर्बन. गहू स्वतः फार बोलत नाही, त्यामुळे मक्याचा गोडवा आणि लाकडातून येणारं व्हॅनिला, कॅरॅमल पुढे येतं. अशी बर्बन पिंपात जास्त वर्षं टिकून राहते असं जाणकार म्हणतात. जुन्या लाकडाचा कडवटपणा आणि रायचा तिखटपणा एकावर एक चढत नाही, हे त्याचं कारण.

आंबवण्याची एक गंमत मध्येच सांगतो. बर्बनच्या बाटलीवर 'सावर मॅश' असं लिहिलेलं असतं. म्हणजे आधीच्या खेपेतलं डिस्टिल होऊन उरलेलं आंबट पाणी पुढच्या खेपेत घालायचं. ऐकल्यावर आपल्याला थेट विरजण आठवतं. पण फरक आहे. विरजणात जिवंत जिवाणू असतात, इथे उकळून यीस्ट मेलेलं असतं. काम फक्त आंबटपणा आणण्याचं, म्हणजे नको ते जंतू वाढू नयेत आणि प्रत्येक खेप सारखी यावी. थोडक्यात कन्सिस्टन्सी. केंटकीत ही पद्धत एकोणिसाव्या शतकात जेम्स क्रो नावाच्या माणसाने नीट मोजमाप करून बसवली.

आता मूळ गोष्ट. ज्युलियन व्हॅन विंकल, जन्म १८७४. हेच ते 'पॅपी'. १८९३ साली हे डब्ल्यू. एल. वेलर अँड सन्स या व्हिस्कीच्या घाऊक व्यापाऱ्याकडे फिरते विक्रेते म्हणून लागले. म्हणजे आजच्या भाषेत सेल्सची नोकरी, घोडागाडीतून टेरिटरी फिरायची. पुढे ॲलेक्स फार्न्सली नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी तीच कंपनी विकत घेतली. मग १९२० साली अमेरिकेत दारूबंदी आली.

दारूबंदीत काय झालं हे आपल्याकडच्या माणसाला चटकन कळेल. पूर्ण देशात सहाच कंपन्यांना 'औषधी' व्हिस्की विकायचा परवाना मिळाला. त्यातली एक ए. पीएच. स्टिट्झेल, जिच्याशी वेलर कंपनीचे जुने संबंध होते. डॉक्टरने चिठ्ठी लिहून द्यायची, मग औषधाच्या दुकानातून दहा दिवसांना एक पाइंट. तेरा वर्षं निम्मी अमेरिका अचानक आजारी पडली होती म्हणा ना! हसू येत असेल तर आपलं परमिट काढून बघा. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली मिळणारं ते परमिट आजही प्रकृती राखण्यासाठी म्हणूनच दिलं जातं. तेव्हा केंटकीला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

१९३३ ला बंदी उठली. वेलर आणि स्टिट्झेल एकत्र आले आणि १९३५ साली, केंटकी डर्बीच्या दिवशी, लुइव्हिलजवळ शाइव्हली इथे स्टिट्झेल-वेलर डिस्टिलरी सुरू झाली. पॅपी तेव्हा ६१ वर्षांचे होते. आपल्याकडे त्या वयात लोक निरोप समारंभाची शाल कपाटात ठेवून मोकळे झालेले असतात. या माणसाने त्या वयात कारखाना काढला आणि नव्वदीच्या उंबरठ्यापर्यंत तो चालवला. डिस्टिलरीत केमिस्टना प्रवेश नाही अशी पाटी लावलेली होती. दुसरी पाटी त्याहून प्रसिद्ध. तिचा आशय असा, की आम्ही उत्तम बर्बन बनवणार, जमलं तर नफ्यात, नाहीच जमलं तर तोट्यात, पण उत्तमच.

अशा पाट्यांवर माझा सहसा विश्वास नसतो. आमच्या ऑफिसच्या लॉबीतसुद्धा क्वालिटीबद्दल काहीतरी लावलेलं आहे. पण इथे पाटीच्या मागे खर्च दिसतो. बर्बन पिंपात किती टक्क्यांवर भरायची याला महत्त्व असतं. जास्त टक्क्यांवर भरली तर तेवढ्याच अल्कोहोलला पिंपं कमी लागतात, गोदाम कमी लागतं, आणि शेवटी बाटली भरताना पाणी जास्त घालता येतं. म्हणजे सगळीकडून बचत. १९६२ साली अमेरिकन सरकारने ही मर्यादा ५५ वरून ६२.५ टक्क्यांवर नेली. बऱ्याच जणांनी हळूहळू आकडा वर सरकवला. स्टिट्झेल-वेलरने पॅपींच्या घराण्याच्या काळात जुना, कमी आकडाच धरून ठेवला. पिंपात पाणी जास्त म्हणजे लाकडातले पाण्यात विरघळणारे गोड घटकही जास्त. चवीत फरक पडतो, पण तो बाटलीच्या लेबलवर कुठेच दिसत नाही. ग्राहकाला न दिसणाऱ्या जागी पैसे खर्च करणं, याला मी क्वालिटी म्हणतो.

पॅपी १९६५ साली वारले. आणि बरोबर त्याच सुमाराला बर्बनचे दिवस फिरायला लागले. सत्तरच्या दशकात अमेरिकन तरुणांना व्होडका आवडायला लागली. बर्बन म्हणजे म्हाताऱ्यांचं पेय. पॅपींचे चिरंजीव ज्युलियन ज्युनियर यांना डिस्टिलरी विकायची नव्हती, पण बाकीच्या वारसांना पैसे हवे होते आणि बहुमत त्यांच्याकडे होतं. १९७२ मध्ये स्टिट्झेल-वेलर नॉर्टन सायमन या मोठ्या कंपनीला विकली गेली. पुढे हातोहात विकली जात ती आजच्या डियाजिओच्या पदरात आली. १९९२ मध्ये तिथलं डिस्टिलेशन कायमचं थांबलं. ओल्ड फिट्झजेराल्ड हा तिथला जुना ब्रँड १९९९ साली हेवन हिलकडे गेला, वेलर त्याच वर्षी सॅझरॅककडे. म्हणजे एका घराचे भाऊ वेगळे झाल्यावर भांडी वाटावीत तसं झालं.

ज्युलियन ज्युनियरनी विक्रीच्या वेळी एक छोटी गोष्ट स्वतःकडे ठेवली. 'ओल्ड रिप व्हॅन विंकल' हे जुनं लेबल, आणि विकलेल्याच डिस्टिलरीकडून व्हिस्की घेण्याची सोय. १९८१ साली ते गेले आणि धंदा त्यांच्या मुलाकडे, तिसऱ्या ज्युलियनकडे आला. आता चित्र बघा. बर्बनला गिऱ्हाईक नाही. गोदामांत पिंपं पडून आहेत. मोठ्या कंपन्यांना ती अडगळ वाटतेय. आणि हा माणूस लॉरेन्सबर्गच्या एका जुनाट डिस्टिलरीत जवळजवळ हाताने बाटल्या भरतोय आणि कुणाला नको असलेली जुनी पिंपं विकत घेतोय. नव्वदच्या दशकात त्याने वीस वर्षांची बर्बन आजोबांचा सिगार ओढतानाचा फोटो लावून बाजारात आणली. त्या काळात एवढी जुनी बर्बन म्हणजे विचित्र प्रकार होता. शिकागोच्या बेव्हरेज टेस्टिंग इन्स्टिट्यूटने तिला १०० पैकी ९९ गुण दिले, आणि तिथून चक्र फिरलं.

माझ्या दाव्याचा गाभा इथे आहे. वीस वर्षं कुणी मुद्दाम थांबलं नव्हतं. सत्तरच्या दशकात कुणी एक्सेल शीट उघडून "हे पिंप १९९४ ला काढू" असं ठरवलं नव्हतं. माल विकला गेला नाही म्हणून तो जुना झाला. आज ज्याला आपण दुर्मीळ म्हणतो तो कुणाच्या तरी ताळेबंदातला न खपलेला साठा होता. आणि ज्यांनी तो मन लावून बनवला त्या शाइव्हलीच्या कामगारांना या भाववाढीतला एक डॉलरही मिळाला नाही.

"पण आता तरी तीच बर्बन आहे ना?" असं ग्रुपवर विचारलं गेलं. नाही. साधी बेरीज करा. डिस्टिलेशन १९९२ ला थांबलं, त्यात वीस मिळवले की २०१२. आज दुकानात येणारी वीस वर्षांची बाटली स्टिट्झेल-वेलरची असण्याचं कारणच नाही. २००२ साली व्हॅन विंकल घराण्याने फ्रँकफर्टच्या बफेलो ट्रेस डिस्टिलरीबरोबर भागीदारी केली आणि तेव्हापासून ही बर्बन तिथे बनते. बफेलो ट्रेस ही चांगलीच डिस्टिलरी आहे, त्यात वाद नाही. पण दंतकथा एका जागेची आणि माल दुसऱ्या जागेचा, हे विकत घेणाऱ्याला माहीत असावं. शिवाय तिथेच, त्याच धान्याच्या मिश्रणातून वेलर नावाची बर्बन बनते. पिंपांची निवड, गोदामातली जागा आणि वर्षं वेगळी, हे खरं. पण पाककृती तीच.

आता वयाच्या आकड्याबद्दल. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय की जुनी म्हणजे चांगली. स्कॉचच्या बाबतीत ते थोडंफार चालून जातं, कारण तिथे हवा थंड आणि पिंपं बहुतेक वेळा वापरलेली (त्यात आपल्या बर्बनची वापरलेली पिंपं भरपूर). बर्बनचं पिंप नवं आणि जाळलेलं. केंटकीत उन्हाळा कडक, हिवाळा कडक. उन्हाळ्यात द्रव लाकडात शिरतो, थंडीत बाहेर येतो. दर वर्षी लाकडाचा अर्क वाढत जातो. चहा पातेल्यात ठेवून दिला तर काय होतं? दहा मिनिटं ठीक, एक तासाने प्यायचा नाही. बऱ्याच बर्बनचं बारा ते पंधरा वर्षांनंतर तसंच होतं. वीस वर्षं निभावून नेणारं पिंप असतं, पण ते निवडावं लागतं, आणि निवडीत बाद झालेल्या पिंपांवर कुणी लेख लिहीत नाही. याला आपण सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतो. इंटरव्ह्यूत हा शब्द वापरणारे माझे मित्र बाटलीसमोर तो विसरतात.

शिवाय बाष्पीभवन. याला ते लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. बर्बनचं पिंप साधारण २०० लिटरचं. वर्षाला सरासरी ४ टक्के उडतं असं धरा. वीस वर्षांनी राहतं सुमारे ८८ लिटर. तेवीस वर्षांनी ७८. म्हणजे निम्म्याहून जास्त पिंप हवेत. जुनी बर्बन महाग असण्याचं हे खरंखुरं, समजण्यासारखं कारण आहे, आणि त्यासाठी काहीशे डॉलर लावले तर मी तक्रार करणार नाही. काही हजारांचं समर्थन मात्र या गणितातून निघत नाही.

हेच गणित गोव्यात करून बघू. पॉल जॉन ही सिंगल माल्ट गोव्यात बनते. तिथे वर्षाला सुमारे ८ टक्के उडतं. दहा वर्षांत गोव्यातलं पिंप जेवढं रिकामं होतं, तेवढं व्हायला केंटकीत वीस वर्षं लागतात. गोव्यात वीस वर्षं ठेवलं तर २०० लिटरचे ३८ उरतील. म्हणून भारतीय माल्टच्या बाटलीवर छोटा आकडा दिसला, किंवा दिसलाच नाही, तर नाक मुरडायचं काम नाही. वय म्हणजे नुसता वेळ नाही. वेळ, हवामान आणि लाकूड या तिघांचा तो गुणाकार आहे, आणि लेबलवर त्यातला एकच घटक छापलेला असतो. आणखी एक गंमत. बफेलो ट्रेसची मालक कंपनी सॅझरॅक हिने २०१७ साली पॉल जॉन बनवणाऱ्या जॉन डिस्टिलरीजमध्ये हिस्सा घेतला आणि पुढे तो वाढवला. ज्यांच्याकडे पॅपीची पिंपं आहेत त्यांना गोव्याच्या पिंपांचं महत्त्व कळलं. आपल्याला मात्र न्यू जर्सीची बाटली पाहिजे.

आता या वेडाची किंमत काय झाली तेही बघा. ऑक्टोबर २०१३ मध्ये बफेलो ट्रेसमधून पॅपीच्या सुमारे दोनशे बाटल्या गायब झाल्याचं उघडकीला आलं. तपास पुढे गेला तसं कळलं की आतलेच लोक कित्येक वर्षं माल बाहेर काढत होते. २०१५ मध्ये नऊ जणांवर आरोप ठेवले गेले. २०२३ मध्ये ऑरेगन राज्यात तर कहर झाला. तिथे दारूची विक्री सरकारी यंत्रणेमार्फत होते. त्या यंत्रणेतले वरिष्ठ अधिकारीच दुर्मीळ बाटल्या लोकांपर्यंत न पोचू देता स्वतःसाठी बाजूला काढत होते असं अंतर्गत चौकशीत निघालं. पैसे दिले होते त्यांनी, फुकट नाही घेतल्या. पण रांग मोडली होती. प्रमुखाला राजीनामा द्यावा लागला. आपल्याकडच्या कोट्यातल्या फ्लॅटची आठवण झाली की नाही?

याच्या उलट एक प्रसंग मला फार आवडतो. मेकर्स मार्क ही गव्हाचीच बर्बन. १९५३ साली बिल सॅम्युएल्स सीनियरनी लोरेटोची जुनी डिस्टिलरी घेतली. कंपनी सांगते ती गोष्ट अशी, की प्रत्येक मिश्रण डिस्टिल करून मुरेपर्यंत थांबायला वेळ नव्हता म्हणून त्यांनी वेगवेगळ्या धान्यांचे पाव भाजून चव घेतली आणि गहू नक्की केला. (प्रोटोटायपिंग याहून स्वस्तात होऊ शकत नाही.) सुरुवातीला पॅपींनी त्यांना मदत केली असंही सांगितलं जातं. तर या मेकर्स मार्कची मागणी फेब्रुवारी २०१३ मध्ये इतकी वाढली की माल पुरेना. कंपनीने जाहीर केलं की अल्कोहोल ४५ वरून ४२ टक्क्यांवर आणतो, म्हणजे आहे त्या मालात जास्त बाटल्या निघतील. ग्राहक खवळले. आठवडाभरात कंपनीने निर्णय मागे घेतला. ग्राहकांनी सांगितलं की थोडे दिवस नाही मिळाली तरी चालेल, पण पाणी घालू नका. मला वाटतं शहाणा ग्राहक असा असतो. तो दुर्मीळ बाटलीमागे धावत नाही, रोजच्या बाटलीवर पहारा ठेवतो.

कुणी म्हणेल, बाजार जी देतो ती किंमत खरी, तू कोण ठरवणारा? मान्य आहे. ज्याच्याकडे जास्तीचे पैसे आहेत आणि ज्याला ती चव एकदा घ्यायचीच आहे, त्याने जरूर घ्यावी, उघडावी आणि चार जणांना वाटावी. माझा आक्षेप तिला इन्व्हेस्टमेंट म्हणण्याला आहे. बाटलीत गेल्यावर बर्बन मुरत नाही. वीस वर्षांची बाटली अजून दहा वर्षं कपाटात ठेवली तरी आतली बर्बन विसाचीच राहते. वाढते ती फक्त पुढच्या माणसाची हाव, आणि आपण तिच्यावर पैज लावत असतो. त्यासाठी पर्सनल लोनच्या व्याजाइतके पैसे घालायचे?

आणि ही पैज कधी लावायची म्हणताय? आता? केंटकीच्या गोदामांत आज दीड कोटीहून जास्त पिंपं मुरत पडली आहेत. राज्याची लोकसंख्या पंचेचाळीस लाखांच्या आसपास. म्हणजे माणशी तीनहून जास्त पिंपं. पॅपीच्या वेडाकडे बघून सगळ्यांनीच क्षमता वाढवली. डिसेंबर २०२५ मध्ये जिम बीमने जाहीर केलं की क्लेरमॉन्टच्या मुख्य डिस्टिलरीत २०२६ साली डिस्टिलेशन थांबवणार. सत्तरच्या दशकात झालं तेच परत होऊ घातलंय. कुणास ठाऊक, आज न खपलेलं एखादं पिंप २०४५ ला पुढच्या पिढीची पॅपी होईल. पण ते कुठलं, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. तिसऱ्या ज्युलियनलासुद्धा १९८५ साली सांगता आलं नसतं.

मग या सगळ्यातून घ्यायचं काय? मला दोन गोष्टी वाटतात.

पहिली व्यवहाराची. गव्हाची बर्बन कशी लागते हे बघायचं असेल तर मेकर्स मार्क घ्या. आपल्याकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्बनवरची आयात ड्यूटी १५० वरून १०० टक्क्यांवर आली, तरी स्वस्त नाहीच, पण काँट्री काढून एक बाटली चौघांना परवडते. अमेरिकेत कुणी जाणार असेल आणि वेलर छापील किमतीला मिळाली तर उत्तम. ऑनसाईट असताना शिकागोच्या एका बारमध्ये मी बारा वर्षांची वेलर घेतली होती. मऊ, गोड, शेवटी किंचित कोरडी. तिच्याहून दहापट किंमत देऊन दहापट चांगलं काही मिळेल असं मला तरी वाटलं नाही.

दुसरी गोष्ट जरा आतली आहे. गेल्या सहा वर्षांत मी चार प्रोजेक्टांवर काम केलं. त्यातली तीन आज बंद आहेत. कोड वाईट होता म्हणून नाही. प्रायॉरिटी बदलली, बजेट हललं, मॅनेजर बदलला. आपण क्वार्टरच्या हिशेबाने जगतो आणि तीन महिन्यांत दिसणार नाही ते काम करायचं सोडून देतो. टेस्ट कोण लिहिणार? डॉक्युमेंटेशन कोण वाचणार? अप्रेझलमध्ये ते दिसत नाही. पिंपात कमी टक्क्यांवर भरणं हेसुद्धा कुठल्याच अप्रेझलमध्ये दिसलं नसतं. काही लोकांनी दाब, उष्णता वगैरे वापरून व्हिस्की आठवड्यात मुरवायचे प्रयोग केलेत. क्लीव्हलँड व्हिस्कीसारखी कंपनी तशी व्हिस्की विकतेही. पण अजून वीस वर्षांच्या पिंपाची जागा कुणी घेतलेली नाही. काही कामांत रिसोर्स वाढवून डेडलाईन अलीकडे येत नाही.

आता मी इथे "चांगलं काम करत राहा, फळ मिळेल" असं लिहून मोकळा होऊ शकतो. पण ही गोष्ट तसं सांगत नाही. पॅपींनी चांगलं काम केलं आणि त्यांच्या मुलाच्या डोळ्यांदेखत डिस्टिलरी विकली गेली. चांगल्या कामाने त्यांना वाचवलं नाही. बाजाराने पाठ फिरवली तेव्हा उत्तम आणि सुमार दोन्ही बर्बन सारख्याच पडून राहिल्या. फरक पडला तो वीस वर्षांनी पिंप उघडल्यावर. सुमार होती ती नुसती जुनी झाली होती, आणि नीट बनवलेली होती ती पिण्यासारखी राहिली होती. कोकणात आजोबा फणस लावतात तेव्हा आपल्याला खायला मिळेल म्हणून लावत नाहीत, आणि नातवाला मिळेलच याचीही खात्री नसते. वादळात झाडं पडतातच. तरी लावायचा तर कलम बघून, खड्डा नीट खणूनच लावतात.

मला वाटतं एवढंच आपल्या हातात आहे. पिंप कधी उघडेल, कोण उघडेल, त्याला भाव काय येईल, हे काही आपल्याकडे नाही. आत काय भरायचं हे मात्र आहे. त्यामुळे माझ्या वाट्याचे काँट्रीचे पैसे मी दिलेले नाहीत. सोमवारी ऑफिसला गेल्यावर आधी त्या चौथ्या, अजून चालू असलेल्या प्रोजेक्टच्या टेस्ट लिहून काढणार आहे. कुणी मागितलेल्या नाहीत.

असो. बराच लांबला लेख. चीअर्स, आणि गाडी चालवणाऱ्यांनी लिंबू सरबत घ्यावं.